स्टोअर मॅनेजर दिवसभर करतो तरी काय?

खानापूरकडच्या एका मुलाने विचारलं आहे. बी.कॉम. झालंय, बेळगावातल्या एका सुपरमार्केटमध्ये असिस्टंट स्टोअर मॅनेजरची जागा मिळतेय. घरचे म्हणतात, एसीत उभं राहून पोरांवर लक्ष ठेवायचं काम आहे. त्याला स्वतःला भीती आहे ती सेल्सच्या टार्गेटची. मी बेळगावात आणि निपाणीत किराणा व घरगुती सामानाची स्टोअर्स सांभाळत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टार्गेटची भीती आधी काढून टाका. टार्गेट बऱ्यापैकी पगाराच्या तारखा, सण आणि पाऊस ठरवतात. मॅनेजरच्या हातात असतं ते वेगळं. कॉम्प्युटर एक सांगतो आणि रॅकवर दुसरंच असतं. कधी नगांचा आकडा जुळत नाही, कधी भाव, कधी तारीख, कधी माणसांची हजेरी. हे अंतर रोज पडतं आणि रोजच्या रोज भरून काढावं लागतं. माझा दिवस त्यातच जातो. ज्या मॅनेजरचा जात नाही, त्याचं स्टोअर दोन-तीन महिन्यांत गिऱ्हाइकाला जाणवायला लागतं.

सकाळी शटर उघडल्यापासून पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत जो वेळ मिळतो, तो सोन्यासारखा वापरावा. मी आधी केबिनकडे जात नाही. पेन आणि कोरा कागद घेते आणि तांदळाच्या पोत्यांपासून साबणाच्या रॅकपर्यंत चालत जाते. जिथे जागा रिकामी दिसेल तिथल्या भावाच्या पट्टीवरचा कोड लिहून घ्यायचा आणि मग कॉम्प्युटरवर शिल्लक बघायची. शून्य दाखवत असेल तर काळजी नाही, ऑर्डर गेलेली असते. पण कॉम्प्युटर चौदा दाखवतोय आणि रॅकवर, मागे गोडाऊनमध्ये, कुठेच एकही नग नाही, ही खरी डोकेदुखी. आता ऑर्डर आपोआप जाते. सिस्टीमला वाटतं माल पडून आहे, म्हणून ती मागवतच नाही. वस्तू आठवडेच्या आठवडे येत नाही. गिऱ्हाईक एकदा विचारतं, दोनदा विचारतं, मग दुसरीकडून घ्यायला लागतं. रिपोर्टमध्ये विक्री शून्य दिसते आणि वरच्या ऑफिसात समजतात की बेळगावात याला मागणीच नाही.

मग ते चौदा नग गेले कुठे? सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा चोरी येते. चोरी होते, नाही असं नाही, पण आधी अर्धा तास बिलिंग काउंटरच्या मागे उभं राहून बघा. एका बाईंनी साबणाच्या चार वड्या घेतल्यात, दोन गुलाबाच्या आणि दोन चंदनाच्या. भाव सारखाच. मागे रांग लागलीय, म्हणून कॅशियर पोरगी गुलाबाची एक वडी स्कॅन करते आणि चारचं बटण दाबते. बिलाची रक्कम अगदी बरोबर आली, बाईंचं काही नुकसान नाही, कॅशही जुळणार. पण कॉम्प्युटरात गुलाबाच्या दोन वड्या जास्त कमी झाल्या आणि चंदनाच्या दोन कमी झाल्याच नाहीत. हे दिवसातून कितीतरी वेळा होतं, नूडल्समध्ये, बिस्किटांत, शांपूच्या पुड्यांत. त्या पोरीवर ओरडून उपयोग नाही, तिला कोणी कारण सांगितलेलं नसतं. मी नवीन कॅशियरला पहिल्या दिवशी रिकाम्या रॅकसमोर नेऊन उभी करते आणि हा हिशेब कागदावर मांडून दाखवते. एकदा कळलं की त्या स्वतःच एकेक वडी स्कॅन करतात.

दुसरी गळती मागच्या दाराने होते. गाडी लागली की ड्रायव्हरला घाई असते, आपल्या पोरांनाही बॉक्स पटापट आत टाकून मोकळं व्हायचं असतं. चलनावर, म्हणजे मालासोबत आलेल्या यादीवर, चाळीस बॉक्स आणि मोजून चाळीस बॉक्स, झाली सही. असं करू नका. प्रत्येक गाडीतले दोन-चार बॉक्स फोडायचेच, आणि ते वरच्या थरातले नकोत, खालचे. चोवीसच्या बॉक्समध्ये बावीस निघतात. तेलाचं पाऊच फुटून शेजारचे सहा चिकट झालेले असतात. पुढचे तीन बॉक्स ताज्या तारखेचे आणि आतले दीड महिन्यात संपणारे, असंही येतं. जे कमी आहे ते तिथेच चलनावर लिहून ड्रायव्हरची सही घ्यावी. गाडी गेल्यावर केलेल्या तक्रारीवर क्रेडिट नोट (कमी आलेल्या मालाचे पैसे वळते केल्याचा कागद) मिळवायला महिनोन् महिने फोन करावे लागतात. नव्या असिस्टंटला मी पहिले पंधरा दिवस मागच्या दारावरच ठेवते. तोंड वाकडं करतात, पण सगळा धंदा तिथे समजतो.

आता भावाबद्दल, कारण गिऱ्हाईक भांडतं ते यावरूनच. पाकिटावरची एमआरपी सगळ्या करांसकट असते, तिच्या वर एक रुपया घेता येत नाही, गार करून दिलेल्या बाटलीवरसुद्धा नाही. आपलं भांडण बहुतेक वेळा एमआरपीच्या खाली असतं. रविवारी रात्री ऑफर संपली, कॉम्प्युटरात भाव बदलला, रॅकवरची पट्टी मात्र तशीच राहिली. सोमवारी सकाळी एक काका डाळीचं पाकीट घेऊन येतात आणि बिलात अकरा रुपये जास्त लागतात. अशा वेळी "सर, ऑफर कालच संपली" असं म्हणायला कॅशियरला मी कधीच लावत नाही. पट्टीवर जो भाव लिहिला तो आपण दिलेला शब्द आहे. त्या भावाने बिल करायचं, काकांची गैरसोय झाली म्हणून माफी मागायची आणि एका पोराला पळवून पट्टी काढायला लावायची. फरकाची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी, महिनाअखेरीस एरिया मॅनेजरला दाखवता येते. अकरा रुपयांसाठी गिऱ्हाईक गमावणं मला पटत नाही, आणि खोटं पडणं तर त्याहून नाही.

या बाबतीत सगळ्यात कसोटीचा काळ होता सप्टेंबर २०२५चा. २२ सप्टेंबरला, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. अंघोळीचा साबण, शांपू, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर आली. करासकट ११८ रुपयांना मिळणारी वस्तू कराच्या हिशेबाने १०५ला मिळायला हवी. पण गोडाऊनमध्ये जुन्या एमआरपीचा माल भरलेला. पाकिटावर जुना आकडा, बिलात नवा कमी आकडा, आणि समोर दसऱ्याची गर्दी. आदल्या रात्री आम्ही पट्ट्या बदलत बसलो होतो. लोकांनी बातम्या बघितलेल्या, त्यामुळे प्रत्येकजण बिल वाचत होता, जे एरवी फार थोडे वाचतात. मला ते आवडलं. कपडे धुण्याच्या पावडरचा दर १८च राहिला होता, म्हणून "साबण कमी झाला मग पावडर का नाही, मॅडम?" हा प्रश्न दिवसभर आला. मी काउंटरच्या डोक्यावर एक मोठा कागद लावला, कशाचा कर उतरला आणि कशाचा नाही. कन्नड आणि मराठी दोन्हीत. काही कंपन्यांचे पाच रुपयांचे पुडे साडेचारच्या आसपास आल्यावर सुट्ट्या पैशांची बोंब झाली ती वेगळीच. असा बदल पुन्हा कधी येईल सांगता येत नाही, पण आला तर पळापळ मॅनेजरलाच करावी लागते, ऑफिसातून फक्त एक ईमेल येतो.

सुट्या धान्याच्या विभागाला मॅनेजर लोक कमी लेखतात. आपल्याकडे तसं चालत नाही. इथलं गिऱ्हाईक तांदूळ तळहातावर घेतं, फुंकर मारतं, दोन दाणे दाताखाली घालून बघतं आणि जुना आहे की नवा ते सांगतं. इंद्रायणी म्हणून दुसरं काही दिलं तर त्यांना घरी जायच्या आधी कळतं. या विभागाला एक जाणता माणूस द्या आणि त्याला तिथून हलवू नका. काट्यावर वजनमापे खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे का, तेही स्वतः बघा. आणि पिशवीचं किंवा डब्याचं वजन मालात धरलं जात नाही ना, यावर रोज एकदा नजर टाका.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. खानापूरकडचे असल्यामुळे पाऊस तुम्हाला नवीन नाही. जूनपासून गोडाऊनची भिंत ओल धरते. भिंतीला टेकवून ठेवलेले बॉक्स खालून मऊ होतात आणि वरची थप्पी तिरकी होते. माल लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून ठेवायचा. रव्याला जाळी धरते, डाळीत भुंगे होतात, आणि एका पाकिटात झाले की शेजारी पसरायला वेळ लागत नाही. म्हणून या चार महिन्यांत रवा, मैदा, बेसन मी थोडं-थोडं मागवते, सिस्टीमने सुचवलेल्या आकड्याला कात्री लावून. जी तारीख आधी संपते ते पाकीट पुढे, हा नियम बारमाही आहे, पण पावसाळ्यात तो मोडला तर लगेच दिसतं. दारात गोणपाट टाका, छत्र्यांसाठी बादली ठेवा आणि फरशी पुसायला एक माणूस दारापाशीच उभा ठेवा. म्हातारं माणूस घसरून पडलं तर त्या दिवसाच्या विक्रीच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

माणसांबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. तुमच्या हाताखाली येणारी पोरं-पोरी येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव, सांबरा अशा गावांतून येतात. बऱ्याचजणींची ही पहिलीच नोकरी असते आणि घरातला पहिला महिन्याचा पगार असतो. हजेरीपटावर ड्युटी नऊ तासांची दिसते. प्रत्यक्षात गर्दी असली की साडेदहा-अकरा तास होतात आणि ते कुठेच लिहिले जात नाहीत. कर्नाटकाच्या १९६१च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास घालून दिले आहेत, त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने पैसे द्यायचे असतात. नग कमी भरले तर आपण चार वेळा मोजतो, मग माणसांचे तास न मोजता कसे चालतील? जास्तीचे तास लिहा. वरून विचारणा होईल, होऊ दे. लिहिलं तरच वर कळतं की या स्टोअरला दोन माणसं कमी आहेत.

शेवटच्या बसचं वेळापत्रक केबिनच्या दारावर चिकटवून ठेवा. कॅश बंद करायला वेळ लागतो. एकेक गल्ला मोजायचा, पाचशेच्या, दोनशेच्या, शंभरच्या नोटा वेगळ्या, नाणी वेगळी, यूपीआय आणि कार्डचे आकडे मशिनच्या रिपोर्टशी जुळवायचे. चाळीस रुपये कमी आले म्हणून पोरगीला थांबवून घेतलं आणि तिची गावाकडची बस गेली, हे मी होऊ देत नाही. लांबच्या पोरींचे गल्ले आधी बंद करायचे, शहरातल्यांचे नंतर. रात्री आठनंतर बायकांना कामावर थांबवायचं तर त्यांची लेखी संमती आणि घरी पोचवायची सोय लागते, आणि ही सोय कागदावर दाखवण्यापुरती असू नये. फ्लोअरवरच्या प्रत्येकाला दुपारी अर्धा तास टेकायला मिळालाच पाहिजे. दिवसभर उभं राहून टाचा दुखणाऱ्या माणसाकडून तुम्ही हसून बोलायची अपेक्षा करू शकत नाही.

भाषेची काळजी तुम्ही विचारली नाहीत, तरी येईलच. एकाच रांगेत पहिली बाई मराठी बोलते, दुसरे अण्णा कन्नड, तिसरी हिंदी. तुमचं कन्नड खानापूरच्या बाजारापुरतं असेल तर ते वाढवा. "बर्री अक्का, एन बेक्रि?" (या अक्का, काय हवं?) एवढ्यावर स्वागत होतं, पण माल बदलून द्यायचा वाद किंवा सरकारी तपासणी त्यावर निभत नाही. अर्ज, नोटिसा, परवाने कन्नडमध्ये येतात, ते वाचता आले पाहिजेत. बाहेरच्या फलकाबाबत कर्नाटकाच्या कन्नड भाषा कायद्यातल्या २०२४च्या दुरुस्तीने नियम स्पष्ट आहे, ६० टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात. राहिलेल्या जागेत मराठी लिहिता येतं आणि आमच्याकडे ते लिहिलेलं आहे. गिऱ्हाईक ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत उत्तर द्यायचं, येत नसेल तर शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारायची, आणि कोणाला "हीच भाषा बोला" म्हणायचं नाही. हा नियम मी स्टाफला पहिल्या दिवशी सांगते आणि यात सवलत देत नाही.

सीमाभागाचा आणखी एक परिणाम मालावर होतो. कधी वातावरण तापलं की बसेस सीमेवर थांबतात, आणि महामार्गावर सीमेजवळच्या कोगनोळी नाक्यावर गाड्या अडल्या की कोल्हापूरकडून येणारा गूळ आणि बाकीचा मालही अडतो. शिनोळीकडून येणारं महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातलं गिऱ्हाईक त्या दिवशी येतच नाही. १ नोव्हेंबर तर ठरलेला आहे. एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांचा काळा दिवस. त्याच्या आसपास दिवाळी आली तर माल दोन दिवस आधी भरून घ्यावा लागतो आणि स्टाफला घरी लवकर सोडावं लागतं. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की महामार्गावर बंदोबस्त असतो, तेव्हा ट्रक पहाटे बोलवा.

गर्दी कधी होणार हे ओळखायला स्वतःची एक वही करा. उद्यमबागेतल्या कारखान्यांचे पगार, कॅम्पातल्या लष्करी कुटुंबांची महिन्याची खरेदी, गळीत हंगामात उसाची बिलं जमा होणारे आठवडे, सुट्टीला येणाऱ्या गोव्याच्या गाड्या, हे सगळं कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा चांगलं सांगतं. जून २०२३मध्ये कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेतून बायकांचा बसप्रवास मोफत झाला आणि खानापूर, बैलहोंगल बाजूच्या बायका एकट्या, दुपारच्या वेळी, छोट्या खरेदीसाठी यायला लागल्या. बिलं लहान झाली, पण फेऱ्या वाढल्या. पलीकडच्या चंदगडच्या बायकांना ती सवलत नाही, त्या अजूनही महिन्यातून एकदाच येतात आणि पोतंभर घेऊन जातात. गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये बायकांच्या खात्यात जमा झाले की दोन-तीन दिवस तेल, साखर आणि मुलांच्या खाऊचे रॅक दुपारपर्यंत रिकामे होतात. हे बघून दुपारच्या शिफ्टला मी एक कॅशियर वाढवली.

चोरीबद्दल थोडक्यात. संशय आला तरी कोणाची पिशवी उघडायची नाही, अंगाला हात तर अजिबात लावायचा नाही. जवळ जाऊन "काकू, मदत करू का? बास्केट देऊ?" एवढं म्हटलं की बहुतेक वस्तू परत रॅकवर जातात. खरंच प्रकरण वाढलं तर कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवून पोलिसांना कळवायचं. गर्दीसमोर कोणाला चोर म्हणू नका. ते लेकरू किंवा ती म्हातारी निर्दोष निघाली तर तो अपमान तुम्ही कशानेच भरून देऊ शकत नाही.

एसीबद्दल घरच्यांना सांगा की एसी आहे, पण तुमचा निम्मा दिवस गोडाऊनमध्ये जाईल आणि तिथे पंखाच असतो. रविवार आणि सणाला सुट्टी नाही, ती मधल्या वारी मिळते. गणपतीत गावाला दीड दिवस जायला मिळालं तरी खूप. लग्नकार्यं चुकतात, नातेवाईक नाराज होतात. हे आधीच घरात बोलून घ्या.

तरीही मी सांगेन की ही नोकरी घ्या. या कामात माणूस, माल आणि पैसा तिन्ही एकाच वेळी हाताखालून जातात, आणि उद्या स्वतःचं दुकान टाकायचं ठरवलंत तर दुसरीकडे कुठे शिकायला मिळणार नाही ते इथे पगार घेऊन शिकता येतं. हो म्हणण्याआधी एखाद्या रविवारी संध्याकाळी त्या स्टोअरमध्ये गिऱ्हाईक म्हणून जाऊन या. किती काउंटर बंद आहेत, स्टाफ एकमेकांशी कसा बोलतो, पाण्याची बाटली कोणाच्या जवळ आहे का, एवढं बघितलं तरी पुरे.

मुलाखतीत दोन गोष्टी स्पष्ट विचारा. एक, मंजूर माणसं किती आणि आज प्रत्यक्ष कामावर किती. दुसरी, वार्षिक मोजणीत माल कमी भरला तर कोणाच्या पगारातून कापतात. काही ठिकाणी तूट सगळ्या स्टाफवर सारखी वाटून टाकतात, अगदी झाडू मारणाऱ्या मावशींच्याही पगारातून. कायद्याने अशी सरसकट कपात करता येत नाही. माल त्या माणसाच्या ताब्यात दिलेला असावा लागतो, तूट त्याच्याच हलगर्जीमुळे झालेली असावी लागते आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. याचं उत्तर ते तोंडी देत असतील तर ऑफर लेटरबरोबर लेखी मागून घ्या, कारण असिस्टंट मॅनेजर झाल्यावर त्या कपातीच्या यादीवर पहिली सही तुमची घेतील.